तीन सूत्रं, तीन उत्तरं: गीझरचा रोध आणि पॉवर नेमकी कशी काढायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. कोकणातल्या गावच्या घरी तुम्ही १५ लिटरचा, २००० वॅटचा गीझर बसवलाय. मुंबईच्या घरी तसलाच गीझर १९ मिनिटांत पाणी तापवतो, गावी त्यालाच २५ मिनिटं लागतात. म्हणून तुम्ही मीटर घेऊन बसलात. सॉकेटवर व्होल्टेज मोजलं, २२६ आलं. गीझर लावून टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट बघायचा मीटर) करंट पाहिला, ७.६ अँपिअर. पिन काढून, थर्मोस्टॅट चालू ठेवून तिच्या दोन पायांमध्ये रोध (रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा) मोजला, २६.२ ओहम. मग सूत्रं लावली. व्होल्टेज गुणिले करंट केल्यावर १७१८ वॅट आले, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केल्यावर १९४९, आणि करंटचा वर्ग गुणिले रोध केल्यावर १५१३. शिवाय २२६ भागिले ७.६ केलं की रोध २९.७ येतो आणि मीटर तर २६.२ दाखवतं. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय. सोबत जुन्या १०० वॅटच्या बल्बचं आणि विहिरीवरच्या पंपाचं गणितही जमत नाही, असं लिहिलंय.

तुमची सूत्रं तिन्ही बरोबर आहेत आणि मीटरही ठीक आहे. फक्त तुमचे आकडे एकाच वेळचे नाहीत. २२६ व्होल्ट तुम्ही मोजले तेव्हा पिन बाहेर होती, म्हणजे त्या वायरीतून काहीच वाहत नव्हतं. ७.६ अँपिअर मोजले ते गीझर चालू असताना. आणि २६.२ ओहम मोजले ते गीझर भिंतीपासून पूर्ण तोडून, एलिमेंट (पाणी तापवणारी आतली कॉइल) थंड असताना. रिकाम्या सॉकेटचं व्होल्टेज आणि चालत्या गीझरचा करंट यांचा गुणाकार केलात, तर उत्तर ना सॉकेटचं येतं ना गीझरचं.

वायरमनच्या कामात मला तीस वर्षं होऊन गेली. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट पाठ करायला लावतो. ज्याचा रोध किंवा पॉवर हवी, त्याच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं, आणि ते घेताना त्याच्यातून जो करंट जातोय तोच घ्यायचा. एवढं सांभाळलं तर व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, यापलीकडे पाठांतराची गरज नाही. बाकीची दोन सूत्रं यातूनच निघतात आणि तीही तेच उत्तर देतात.

तुमच्याच आकड्यांवर हे करून बघू. करंट आणि रोध हे दोन आकडे नक्की गीझरचे आहेत. त्यांचा गुणाकार केला की गीझरच्या टोकांवरचं व्होल्टेज मिळतं: ७.६ गुणिले २६.२, म्हणजे १९९. यात एक बारीक दुरुस्ती हवी. एलिमेंटमधली तार नायक्रोमची असते. ती तापली की तिचा रोध थोडा वाढतो, या कामापुरता शेकडा एक धरा. म्हणजे चालू असताना रोध २६.४५ ओहम आणि व्होल्टेज २०१. आता तिन्ही सूत्रं पुन्हा लावा. २०१ गुणिले ७.६ म्हणजे १५२८ वॅट. ७.६ चा वर्ग ५७.७६, गुणिले २६.४५, पुन्हा १५२८. २०१ चा वर्ग ४०,४०१, भागिले २६.४५, तेही १५२७ आणि थोडं वर. तिन्ही एकत्र आली.

गीझरमध्ये काही खोट आहे का, हेही इथेच कळतं. प्लेटवर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर कंपनीने रोध किती ठेवला असेल? २३० चा वर्ग ५२,९००, भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. तुमचा गीझर अगदी प्लेटला धरून आहे, त्याला कुणाला उघडू देऊ नका. मात्र प्लेटवरचं व्होल्टेज नीट वाचा. काही उपकरणांवर २४० लिहिलेलं असतं. तसं असतं तर रोध २८.८ ओहम निघाला असता आणि तोच गीझर २३० व्होल्टवर १८३७ वॅटच देतो. व्होल्टेज न सांगता नुसते वॅट सांगण्याला या धंद्यात काही अर्थ नसतो.

आता २५ मिनिटांचं बघू. व्होल्टेज २३० वरून २०१ वर आलं, म्हणजे शेकडा तेराच्या आसपास कमी झालं. पॉवर मात्र २००० वरून १५२८ वर आली, म्हणजे शेकडा चोवीस गेली. असं का? रोध तोच राहिला तर व्होल्टेज उतरल्यावर करंटही त्याच प्रमाणात उतरतो, आणि पॉवर ही दोघांचा गुणाकार आहे, म्हणून मार दोनदा बसतो. १५ लिटर पाणी २४ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर लिटरमागे अंशाला ४.१९ किलोज्यूल या हिशेबाने २२६० किलोज्यूल लागतात. २००० वॅटला भागलं की ११३० सेकंद, म्हणजे १९ मिनिटं. १५२८ ला भागलं की १४८० सेकंद, म्हणजे २५ मिनिटांना थोडं कमी. तुमचं घड्याळ आणि तुमचा टाँग टेस्टर एकच गोष्ट सांगतायत.

माझ्या मते तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट गीझरच्या बाहेर आहे. पिन बाहेर असताना २२६, चालू असताना गीझरपाशी २०१. मधले २५ व्होल्ट वाटेत गेले. ते कुठेतरी रोध असल्याशिवाय जात नाहीत. २५ भागिले ७.६, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून गीझरपर्यंत आणि परत, या सगळ्या वाटेचा मिळून रोध ३.३ ओहम. आणि २५ गुणिले ७.६ म्हणजे १९० वॅट त्या वाटेवर उष्णता होऊन जातायत. गीझर चालू असेपर्यंत, सतत.

यातला काही भाग रीतसर आहे. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घरापासून ६०० मीटरवर आहे म्हणता. गावाकडच्या जुन्या एलटी (ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या कमी दाबाच्या) लाइनला बऱ्याच ठिकाणी जी बारीक अॅल्युमिनियमची तार असते, तिचा रोध किलोमीटरला साधारण १.४ ओहम. फेजने जायचं आणि न्यूट्रलने परत यायचं, म्हणजे १.२ किलोमीटर, म्हणजे सुमारे १.७ ओहम. घरातल्या मेनपासून बाथरूमपर्यंत अडीच एमएमची तांब्याची वायर असेल तर मीटरमागे साडेसात मिलिओहम. १८ मीटर जाणं, १८ मीटर येणं, ०.२७ ओहम. दोन्ही मिळून दोन ओहमच्या आत. तुमचे ३.३ आहेत. उरलेले १.३ ओहम कुठे आहेत? चांगल्या वायरीत ते असू शकत नाहीत. ते कुठल्यातरी जोडात आहेत. ७.६ चा वर्ग गुणिले १.३, म्हणजे ७५ वॅट. एका नाहीतर दोन-तीन जोडांमध्ये मिळून ७५ वॅट. वायर लांबीभर पसरलेली असते, तिच्यातले वॅट हवेत निघून जातात. जोडाची जागा नखाएवढी असते, त्यामुळे तिथली उष्णता तिथेच साठते. म्हणून मला काळजी वाटतेय आणि म्हणून एवढं लांबण लावतोय.

हे जोड कसे दिसतात ते सांगतो. किनाऱ्याजवळच्या एका घरगुती लॉजवर मला बोलावलं होतं. तक्रार तुमच्यासारखीच, पाणी नीट तापत नाही. गीझर २००० वॅटचाच. मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, सॉकेट नका बघू, ते गेल्याच वर्षी नवीन बसवलंय." बाथरूमबाहेर उभं राहिलं की सुक्या मासळीसारखा वास येत होता. पलीकडेच स्वयंपाकघर, त्यामुळे घरातल्या कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. जास्त तापलेल्या सॉकेट-प्लेटचा वास पुष्कळदा तसाच येतो. हे लक्षात ठेवा, विशेषतः आपल्याकडे.

मेन बंद करून बोर्ड सोडवला. सॉकेटच्या फेजच्या छिद्राभोवती बोटाच्या पेराएवढं तपकिरी वर्तुळ होतं. मागच्या बाजूला स्क्रूखालची तांब्याची तार काळी पडलेली, टोकाला खाऱ्या हवेचा हिरवट थर. वायरीचं लाल पीव्हीसी दोन इंचांपर्यंत इतकं कडक झालेलं की वाकवलं की तुकडे पडत होते. पितळी पट्टीतला ताण गेलेला. मल्टिमीटर ओहमवर लावून पिन हाताने दाबून तो जोड मोजला तर ०.३ दाखवला, आणि नुसत्या प्रोबा (मीटरच्या टोकदार काड्या) एकमेकींना टेकवल्या तरीही ०.३. म्हणजे मीटरच्या मते जोड उत्तम, रोध शून्य.

मग लोडवर, म्हणजे गीझरचा करंट वाहत असताना, मोजलं. हातमोजे घालून, एक प्रोब सॉकेटच्या मागच्या टर्मिनलवर आणि दुसरी गीझरच्या वायरीवर, पिनच्या लगेच पुढे. मध्ये फक्त तो एक जोड. गीझर चालू केला, ८.१ अँपिअर गेले आणि त्या जोडावर ६.५ व्होल्ट दिसले. ६.५ भागिले ८.१, ०.८ ओहम. ६.५ गुणिले ८.१, ५३ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं. त्या सॉकेटमध्ये तशा दोन आयर्न रोज सकाळी तासभर चालू होत्या. सॉकेट आणि पिन दोन्ही बदलली, वायर कडक भागापर्यंत कापून पुन्हा जोडली, आणि त्याच जोडावर व्होल्टेज ०.०५ च्या आत आलं. बाईंनी जुनं सॉकेट मागून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं, जावयाला दाखवायला.

ओहमच्या रेंजवर जोड चांगला का दिसला? मल्टिमीटर ओहम मोजताना मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो. त्या वेळी जोड थंड असतो, पिन हाताने दाबलेली असते. आठ अँपिअर वाहून, तापून, पट्टी सैल झाल्यावर जोड कसा वागतो याची त्याला कल्पनाच येत नाही. शिवाय स्वतःच्या प्रोबांचा रोध ०.२-०.३ असतो. २६ ओहमचं एलिमेंट मोजताना तो सोडून दिला तरी चालतो, पण अर्ध्या ओहमचा जोड मोजताना तोच उत्तर बिघडवतो. म्हणून लहान रोध मोजायचा असेल तर नेहमी करंट वाहता ठेवून, दोन टोकांवरचे मिलिव्होल्ट किंवा व्होल्ट घेऊन भागाकार करा.

खुद्द ओहमचीही याच जागी अडचण झाली होती. गेओर्ग ओहम कोलोनच्या शाळेत शिक्षक होता. १८२५ मध्ये त्याने जे निष्कर्ष छापले ते चुकीचे निघाले, कारण त्या काळच्या बॅटऱ्यांमधून करंट घेतला की त्यांचं व्होल्टेज बसायचं. अगदी तुमच्या २२६ चे २०१ झाले तसंच. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सल्ल्यावरून त्याने बॅटरी सोडली आणि तांबं व बिस्मथ यांचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. व्होल्टेज अगदी थोडं, पण स्थिर. त्यावर घेतलेल्या नोंदींतून नियम हाती आला आणि १८२७ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता होते हे ज्यूलने १८४१ मध्ये दाखवलं. तुमचं सॉकेट ज्याने तापतं तो नियम हा दुसरा.

आता तुमच्या घरी १.३ ओहम कुठे आहेत ते कसं शोधायचं. उघड्या टर्मिनलवर चालू लोडमध्ये प्रोब लावायचं काम तुम्ही करू नका, ते परवानाधारक माणसाचं काम आहे. पण काहीही न उघडता पुष्कळ कळतं. गीझरच्या पॉवर पॉइंटच्या शेजारीच, त्याच बोर्डवर, बहुतेक एक लहान सॉकेट असतं. गीझर चालू ठेवा आणि त्या लहान सॉकेटवर व्होल्टेज मोजा. गीझर बंद करा, पुन्हा मोजा. परत चालू करून पुन्हा मोजा. तीनदा, कारण मधल्या वेळात वाडीतल्या कुणीतरी पंप लावला तर व्होल्टेज त्याच्यामुळेही हलतं आणि तुम्ही ते गीझरच्या नावावर लावाल.

समजा गीझर चालू असताना तिथे २०१-२०२ दिसले, तर बोर्डापर्यंत येईतोच व्होल्टेज गेलंय, पॉवर पॉइंट निर्दोष आहे. समजा २१० दिसले, पण करंट तोच ७.६ आहे, म्हणजे गीझरच्या टोकांवर २०१ च आहे. मग मधले नऊ व्होल्ट बोर्डापासून गीझरपर्यंत गेले: सॉकेट, पिन, स्विच किंवा गीझरच्या आतलं टर्मिनल. नऊ गुणिले ७.६, ६८ वॅट. तसं असेल तर त्या क्षणी गीझर बंद करा आणि माणूस बोलवा.

बोर्ड निर्दोष निघाला तर हेच मेन स्विचजवळच्या एखाद्या सॉकेटवर करा. तिथेही गीझर चालू असताना व्होल्टेज जवळपास तितकंच उतरत असेल, तर दोष मेनच्या मागे आहे. कोकणात मला तो जास्तीत जास्त वेळा चार जागी सापडलाय: मेनमधल्या किटकॅट फ्यूजच्या पात्यावर, न्यूट्रल लिंकच्या स्क्रूखाली, सर्व्हिस वायर जिथे घराच्या भिंतीवर जोडली आहे तिथे, आणि खांबावर. खांबावर अॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर नुसती पिळून बांधलेली असते. दोन वेगळे धातू आणि खारी हवा एकत्र आले की दोन पावसाळ्यांत त्यांच्यामध्ये पांढरी भुकटी साठते. तिथलं काम वीज कंपनीच्या लाइनमनचं, तुम्ही किंवा मी खांबाला हात लावायचा नाही. मीटरचं सीलही तोडायचं नाही.

न्यूट्रलची एक खूण वेगळी सांगतो. तुम्ही गीझर लावला आणि त्याच क्षणी शेजारच्या घरातले दिवे जास्त उजळले, तर ट्रान्सफॉर्मरकडे जाणारा सामाईक न्यूट्रल कुठेतरी सैल आहे. हे अंगावर काढू नका. तो पूर्ण सुटला तर कुणाच्या तरी घरात व्होल्टेज तीनशेच्या वर जातं आणि टीव्ही-फ्रीज एका झटक्यात जातात. लगेच तक्रार नोंदवा.

बल्बचं कोडं याच नियमाने सुटतं. तुम्ही १०० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध मोजला, ३८ ओहम आला, आणि २३० चा वर्ग भागिले ३८ केल्यावर १३९२ वॅट आले. खरा चालू बल्ब ०.४३५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ५२९ ओहम. दोन्ही आकडे खरे आहेत. ३८ हा थंड फिलामेंटचा, ५२९ हा अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेल्या फिलामेंटचा. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर भराभर वाढतो. नायक्रोमचा फारसा वाढत नाही, आणि हीटरला ती तार वापरायचं ते एक कारण आहे. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्ब खरोखरच सहा अँपिअरच्या आसपास ओढतो, काही मिलिसेकंद. म्हणून जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जायचे.

पंपाकडे येऊ. इथे नियम तोच, पण रोध या शब्दाचा अर्थ बदलतो. माझ्या घरच्या विहिरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप आहे, त्याचे आकडे देतो. चालू असताना २२२ व्होल्ट, ६.२ अँपिअर. गुणाकार १३७६. पण मोटार तेवढे वॅट खात नाही. बंद करून मुख्य वाइंडिंगचा (मोटारीत गुंडाळलेल्या तारेचा) रोध मोजला तर २.९ ओहम. २२२ भागिले २.९ केलं तर ७६ अँपिअर यायला हवेत, येतात सहा. कारण एसीवर वाइंडिंगचं चुंबकत्व आणि फिरणारा रोटर करंटला अडवतात. २२२ भागिले ६.२ केल्यावर जे ३५.८ ओहम येतात त्याला इंपीडन्स म्हणतात. तो मोजून तारेबद्दल काही कळत नाही. उलट ६.२ चा वर्ग गुणिले २.९, म्हणजे ११० वॅटच्या आसपास, ही फक्त वाइंडिंगमध्ये होणारी उष्णता. पंपाला हात लावल्यावर जो कोमटपणा लागतो, त्यातला मोठा वाटा हा.

मग मोटारीचे खरे वॅट कसे काढायचे? पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा हिस्सा, माहीत असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. माहीत नसेल तर घरच्या वीजमीटरलाच विचारा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती पल्स. माझ्या मीटरवर ३२०० आहे, तुमचा आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फक्त पंप चालू ठेवला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर २० लुकलुक मोजल्या. २०.५ सेकंद लागले. हिशेब असा: २० पल्स गुणिले तासाचे ३६०० सेकंद, आणि त्याला (३२०० गुणिले २०.५) ने भागायचं, म्हणजे १.०९८ किलोवॅट. १०९८ वॅट. त्याला १३७६ ने भागलं की पॉवर फॅक्टर ०.८. काही उघडलं नाही, कुठे प्रोब लावली नाही. गीझरवरही हे करून बघा. तुमच्या मीटरवर ३२०० असेल तर २० लुकलुक १४.७ सेकंदांच्या आसपास होतील. २००० वॅटचा पूर्ण जोर असता तर ११.२५ सेकंदांत झाल्या असत्या. एक लक्षात ठेवा, घरातल्या वायरिंगमध्ये आणि जोडात जळणारे वॅटही मीटर मोजतो, त्यांचे पैसे तुम्हीच भरता. खांबापलीकडचे जळतात ते मीटरच्या आधी.

व्होल्टेज उतरल्यावर गीझर आणि मोटार उलटे वागतात, हे शेतीपंपवाल्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. गीझरचा करंट कमी होतो, पाणी उशिरा तापतं, बाकी नुकसान नाही. मोटारीला मात्र पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते. करंट शेकडा २० वाढला की वाइंडिंगची उष्णता शेकडा ४४ वाढते, कारण वर्ग. १८० व्होल्टवर रात्रभर चाललेला पंप सकाळी रिवाइंडिंगला जातो तो यामुळे. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारं स्टार्टरमधलं साधन) सारखा पडतो म्हणून त्याचं सेटिंग वाढवून ठेवणं म्हणजे मोटार जाळायची तयारी करणं.

एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, बीएलडीसी पंखा यांच्या बाबतीत रोध काढायच्या भानगडीत पडू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, ओहमचा आकडा निरर्थक येतो. त्यांचे वॅट लुकलुक मोजूनच काढा, आणि तेही दहा-वीस बल्ब एकत्र लावून, नाहीतर एका ९ वॅटच्या दिव्यासाठी दोन पल्समध्ये दोन मिनिटं जातात.

मोजताना सांभाळायच्या दोन-तीन गोष्टी. टाँग टेस्टर एकाच वायरीभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर शून्य दिसतं, कारण एक जाणारा आणि एक येणारा करंट एकमेकांना खोडतात. तुम्ही ७.६ वाचलंत म्हणजे ते नीट केलंय. मल्टिमीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला ती सॉकेटमध्ये घातलीत, तर तो सरळ शॉर्ट सर्किट असतो. माझ्याकडच्या एका मुलाच्या हातात मीटर फुटलेलं मी पाहिलंय, त्याच्या दोन बोटांची कातडी गेली. करंट मोजून झाला की प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात, मग दुसरं काम. आणि ओहम मोजताना वस्तू भिंतीपासून पूर्ण तोडलेली हवी, नुसतं बटण बंद पुरत नाही, कारण बऱ्याच जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं.

आजच्या आज एवढं करा. मेन बंद करून गीझरची पिन काढा आणि तिचे पाय बघा. पितळ पिवळं असेल तर ठीक. एखादा पाय काळा-निळा पडला असेल, पिनचं प्लास्टिक पायाजवळ मऊ होऊन बसलं असेल, किंवा पिन सॉकेटमध्ये घालताना जोरच लागत नसेल, तर तो पॉइंट वापरू नका. सॉकेट आणि पिन दोन्ही नवीन घ्या, एकच बदललं तर जुनं नव्याला महिन्याभरात खराब करतं. मग लहान सॉकेटवरच्या तीन नोंदी, मेनजवळच्या तीन नोंदी आणि त्या प्रत्येक वेळचा करंट कागदावर लिहा, आणि तो कागद वायरमन आला की त्याच्या हातात द्या.